झोपेची भूक

दारू पीत होते तेव्हा बाबांना पडल्या पडल्या झोप लागायची. दारू सोडली आणि झोपही गेली. असं कसं झालं? हे कोडं ऋजुताच्या डोक्यात घोळत होतं, पण कुणाला विचारायचा तिला धीर होत नव्हता. त्याचं सरळ दिसणारं उत्तर फार वाईट होतं: झोप हवी तर दारू हवी.

ऋजुताचं घर तांबट आळीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथले लोक तांब्याची भांडी ठोकत आले होते. अलीकडे चंद्रावरच्या तळासाठी पाण्याच्या टाक्या ठोकायचं कामही आळीकडे आलं होतं, कारण तांब्यावर जंतू फार काळ तग धरत नाहीत. दिवसभर असा ठणठणाट चाले की इथली माणसं कानगोष्टसुद्धा ओरडून सांगत. पण बाबा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून दुपारची जेवणं झाली की आळी चिडीचूप होई, ती थेट चहापर्यंत. कल्पना ऋजुताचीच. तिनं दारोदार जाऊन सांगितलं होतं, "बाबांना रात्रभर झोप नसते हो. दुपारी तरी त्यांचा डोळा लागू दे." आणि सगळ्यांनी हातोडे खाली ठेवले होते.

त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"तेव्हा निदान झोपत तरी होतो मी. आता छताकडे बघत पडायचं. फक्त झोपेपुरतं घोटभर घेतलं तर..."

घोटभर म्हणजे किती, हे त्या घरात तिघांनाही ठाऊक होतं.

ऋजुता तशीच पायरीवर येऊन बसली. तेवढ्यात कोपऱ्यावरून धीरा येताना दिसली. धीरा म्हणजे केंद्राचा शुश्रूषा-यंत्रमानव (आजाऱ्यांची देखभाल करणारं बोलकं यंत्र). घरी परतलेल्या माणसांना ती आठवड्यातून एकदा भेटून जाई. उंचीला ऋजुताच्या खांद्याएवढी, खाली तीन चाकं. आळीतल्या फरशीवरून ती येई तेव्हा वाटे, कुणीतरी रिकामी घागर घरंगळत सोडली आहे.

"चेहरा उतरलाय तुझा," धीरा म्हणाली.

"खरं सांगशील? दारूनं झोप येते ना?"

"येते."

ऋजुताला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. तिचे डोळे भरून आले.

"रडू नकोस. अर्धंच सांगितलंय अजून. शाळेत रस्सीखेच खेळता ना? मेंदूतही एक चालू असते. एका बाजूला मेंदूला शांत करणारी रसायनं, दुसऱ्या बाजूला जागं ठेवणारी. यांना चेतापारेषक म्हणतात (मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं). दोन्ही बाजू तोलामोलाच्या असल्या की दिवसा माणूस जागा राहतो, रात्री झोपतो. आता शांत बाजूला एक बाहेरचा पैलवान येऊन दोर ओढायला लागला तर?"

"ती बाजू जिंकेल."

"पैलवान म्हणजे दारू. म्हणून झोप चटकन येते. पण मध्यरात्रीनंतर पैलवान दमतो, आणि झोप मोडत राहते. शिवाय तो रोजच यायला लागला, तर समोरची बाजू काय करेल?"

ऋजुतानं विचार केला. "तीही माणसं वाढवेल."

"बरोबर. मेंदू जागं ठेवणाऱ्या बाजूची ताकद वाढवतो. आणि मग एके दिवशी पैलवान निघून जातो."

"पण ही वाढलेली माणसं तिथंच असतात," ऋजुता सावकाश म्हणाली. "ती सगळ्यांना आपल्याकडे फरफटत नेतील."

"तेच तुझ्या बाबांचं झालंय. याला निद्रानाश म्हणतात (झोप न लागण्याचा किंवा सारखी मोडण्याचा आजार). ती जास्तीची माणसं घरी जातात, पण एकेक करत. काही आठवडे, कधी कित्येक महिने. पैलवानाला परत बोलावलं तर मात्र एकही जात नाही."

महिने, हा शब्द ऋजुताला टोचला. "तोवर बाबांना नाही धीर निघाला तर?"

"म्हणून तर मी येते. बरं, ही आळी इतकी गप्प का? मी येते तेव्हा नेहमी असंच असतं. दर वेळी कुणी वारतं का?"

ऋजुतानं जरा अभिमानानंच सगळं सांगितलं.

"जेवणाआधी तू वाटीभर चिवडा खाल्लास तर?" धीरानं विचारलं.

"आई ओरडते. भूक मरते म्हणून."

"झोपेचीही भूक असते. शास्त्रज्ञ तिला निद्रादाब म्हणतात (जागेपणी मेंदूत हळूहळू साठत जाणारी झोपेची गरज). सकाळपासून ती वाढत जाते. दुपारी दोन तास झोपलं की..."

"चिवडा," ऋजुता म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मीच त्यांची झोप..."

"तू माया केलीस. मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. चूक माझीही आहे. चल आत."

आत बाबा खाटेवर उठून बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. धीरानं केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून त्यांना नवी रीत समजावून सांगितली. दुपारची झोप बंद. रात्री लवकर आडवं व्हायचं नाही, चांगली पेंग येईपर्यंत बसून राहायचं. अंथरुणात तळमळ सुरू झाली तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, नाहीतर मेंदू शिकतो की अंथरूण ही काळजी करायची जागा. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठून उन्हात यायचं.

"त्यापेक्षा गोळी दे की एक," बाबा म्हणाले.

"गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. झोपेच्या काही गोळ्यांचीही सवय लागते. एक पैलवान घालवून दुसरा कशाला?"

"कोण पैलवान?"

"मी सांगते नंतर," ऋजुता म्हणाली.

"एक आधीच सांगते," धीरा म्हणाली. "सुरुवातीचे काही दिवस आणखी जड जातील. पेंग असताना तांबं तापवायच्या भट्टीजवळ जाऊ नका. आणि पिण्याची ओढ लागली तर कुठल्याही वेळी मला फोन करा."

"आणखी जड," बाबा स्वतःशीच म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आईनं ऋजुताकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच भीती होती.

शेजारच्या वडकेकाकांना सांगायला ऋजुताच गेली. ते आळीतले सगळ्यांत जुने कारागीर. मान खाली घालून तिनं चूक सांगितली.

"म्हणजे आम्ही इतके दिवस उगाच हात बांधून बसलो?" काका म्हणाले. "माझी म्हातारी तर म्हणत होती, आळी सोडून देवळात येऊन राहिल्यासारखं वाटतंय." आणि त्यांनी हातोडा उचलला. थोड्याच वेळात आळी पुन्हा ठणठणू लागली.

पुढचे दिवस खरंच वाईट गेले. बाबा चिडत, ताट सरकवून देत, बसल्या बसल्या डुलत. ऋजुता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, एक तरी माणूस गेलं असेल का घरी?

मग एका संध्याकाळी बाबा फेरी मारायला गेले ते दिवेलागण झाली तरी आले नाहीत. आईनं दोनदा दार उघडून पाहिलं. तिसऱ्यांदा ती चप्पल घालायला लागली, तेव्हा ऋजुतालाही घरात बसवेना. दोघी निघणार तोच बाबा समोरून आले. ऋजुतानं आधी वास घेतला. स्वतःची लाज वाटली तरी घेतलाच. वास कसलाच नव्हता.

"घे वास," बाबा म्हणाले. "हक्क आहे तुझा. गुत्त्याच्या वळणापर्यंत गेलो होतो. तिथूनच धीराला फोन लावला. ती म्हणाली, झोपेची भूक लागलीय का? म्हटलं, मरणाची लागलीय. म्हणाली, सबंध दिवस जागून कमावलेली भूक आहे, ती आता कुठं घालवताय? ताट वाढलेलं आहे, घरी जा." ते पायरीवर टेकले. "मग बराच वेळ नुसताच चालत राहिलो."

आई आत जाऊन पानं वाढू लागली. जेवण होता होताच बाबांची मान पुढं झुकली.

"झोपू दे ना त्यांना आता," आई हळूच म्हणाली.

"इतक्यात नाही," ऋजुता म्हणाली. तिनं पत्ते आणले आणि बाबांच्या हातात कोंबले. "बाबा, उतारी तुमची."

"पोरगी आहे की जेलर," बाबा पुटपुटले. त्यांनी एवढी मोठी जांभई दिली की आईलाही आली, आणि मग ऋजुतालाही. चुकीचं पान टाकत, डोळे ताणत ते खेळत राहिले. रात्री मध्येच जाग येईल, हे तिघांनाही माहीत होतं. पण आज कितीतरी दिवसांनी त्या घरात झोप बाहेरून आणायची नव्हती. ती आपणहून येत होती आणि तिला थोडं थोपवून धरावं लागत होतं.