मिलित्साचं कार्ड

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. झोर्नित्सा माझ्या नवऱ्याची सख्खी भाची. थाप मारायची झाली की तिला आधी हसू फुटतं. हे सांगताना ती एकदाही हसली नाही.

जानेवारीतली दुपार. प्लोवदिव शहरातलं मेडिकलचं हॉस्टेल.

दुसऱ्या दिवशी शरीररचनेची तोंडी परीक्षा. झोर्नित्सा आधी एकदा आपटलेली. या वेळीही नापास झाली, तर कॉलेजच सुटणार.

सगळी भिस्त फोनमधल्या प्रश्नकार्डांवर होती. 'आठवलं' दाबलं, की कार्ड बऱ्याच दिवसांनी परत येतं. 'विसरले' दाबलं, की लगेच.

कार्डं बनवली होती तिच्या खोलीतल्या मिलित्साने. प्रश्नसुद्धा स्वतःच्या आवाजात भरलेले. डिसेंबरात मिलित्सा बस अपघातात गेली... आवाज तेवढा मागे राहिला.

प्रश्न येत होते, झोर्नित्सा उत्तरं देत होती.

मग एक कोरं कार्ड आलं...

"काल काय होतं गं?"

आवाज मिलित्साचाच. पण हे कार्ड झोर्नित्साने कधी पाहिलं नव्हतं. तिने 'विसरले' दाबलं.

"काल काय होतं गं?"

आता त्या आवाजामागे भांड्यात चमचा फिरल्यासारखं ऐकू येत होतं...

शेजारच्या खोलीतला कामेन डोकावला. "मस्करी करून ठेवली असेल तिने. 'आठवलं' दाब आणि पुढे चल की! उद्या सर काय हे विचारणार आहेत?"

त्याने स्वतःच दाबलं.

फोन गप्प.

हाडं, स्नायू, नसा... एकही कार्ड दिसेना.

आणि मिलित्साच्या रिकाम्या पलंगावरून आवाज आला...

"खोटं."

फोन तर झोर्नित्साच्या हातात होता.

दोघं धावत खाली आले. हॉस्टेलच्या दारावर मिलित्साचा फोटो असलेलं नवं पत्रक चिकटवलेलं होतं. आमच्याकडे दारोदारी गेलेल्यांच्या स्मरणाची अशी पत्रकं असतात, येताजाता वाचतो कोण?

तिच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस. कालचा.

"काकू, चाळिसाव्याला कबरीपाशी वाटायचे गोड गहू मी शिजवून आणीन," असा शब्द झोर्नित्साने मिलित्साच्या आईला दिला होता. परीक्षेच्या धांदलीत साफ विसरली. ती तिथेच पायरीवर बसून रडली.

मग पुस्तक बाजूला ठेवून तिने गहू शिजवले, साखर घातली आणि अंधार पडायच्या आत कबरीपाशी पोचली. मिलित्साची आई बर्फ झाडत होती.

"आलीस? काल रात्रभर स्वयंपाकघरात चमचा वाजत होता गं. उठून पाहिलं, तर... कुणीच नव्हतं."

झोर्नित्साने मेणबत्ती लावली. खिशातून आवाज आला...

"काल काय होतं गं?"

"तुझं चाळिसावं. चुकले गं मी." तिने 'आठवलं' दाबलं.

सगळी कार्डं परत आली. झोर्नित्सा पास झाली.

पण त्या कोऱ्या कार्डाखाली अ‍ॅपने पुढची वेळ दाखवली होती. सहा महिन्यांचं स्मरण करतात, नेमकी ती तारीख.

जूनमध्ये. ऐन परीक्षेत.

झोर्नित्साने गहू आत्तापासूनच आणून ठेवलेत.