पाच सेकंदांचा दंड

स्कूटरला काय झालंय एवढं सांगायला त्याने सात मिनिटं घेतली.

मे महिन्यातला सोमवार होता, दुपारचे तीन वाजले होते. घाटकोपरला पंतनगरात आमचं दुचाकींचं गॅरेज आहे. बाबा आत एक इंजिन उघडून बसले होते आणि मी पुढच्या टेबलावर गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घेत होते. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केल्यापासून ते काम माझं. बाबा म्हणतात, गिऱ्हाईक गप्प झालं की गाडी बोलायला लागते. पण हे गिऱ्हाईक गप्प व्हायचं नाव घेईना.

"म्हणजे बघा, आधी खर्रर्र... मग जरा थांबते, श्वास घेते, आणि सिग्नल सुटला की अशी काही उसळते, अशी काही उसळते—"

"एक मिनिट," मी म्हटलं. "गप्प बसा जरा."

तो गप्प बसला. मी स्कूटर चालू केली, कान दिला. सायलेन्सरच्या जाळीचा बोल्ट सैल होता. दोन मिनिटांचं काम.

पण तोवर मला दुसरंच काहीतरी खटकायला लागलं होतं. हा आवाज... हा आवाज मी ऐकला होता. कालच संध्याकाळी.

"टीव्हीवर मराठीतून गाड्यांची रेस सांगतात, ते तुम्हीच का?"

त्याचा चेहरा असा काही उजळला की मला पुढचं बोलवेना. त्याने केसांवरून हात फिरवला. "हो. हर्षद चिंदरकर. तुम्ही ऐकता?"

"ऐकते ना. पहिली वीस मिनिटं. मग आवाज बंद करून बघते."

मला बाबांनी फटकळ म्हणूनच वाढवलंय, त्यात माझा दोष नाही. पण त्याचे डोळे खाली गेले तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

"का पण?" त्याने हळूच विचारलं.

"खरं सांगू? जे दिसतं तेच तुम्ही सांगता. लाल गाडी वळली. अहो, दिसतंय आम्हाला. ती वळताना एवढी हळू का झाली ते सांगा ना. आणि काल अकरा लॅप, चांगल्या अकरा फेऱ्या, तुम्ही मोरेराला कोस्की म्हणत होतात."

"दोघांच्या गाड्या सारख्याच हिरव्या आहेत हो..."

"गाडीला, ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर, एक छोटा कॅमेरा असतो. कोस्कीचा काळा, मोरेराचा पिवळा. तो बघायचा. आणि चूक कळल्यावर तुम्ही काय म्हणालात? कोस्की मागे पडला. तो मागे पडला नव्हता, आधीपासून मागेच होता."

हर्षद टेबलाला टेकून उभा राहिला. तो मूळचा कबड्डीचा निवेदक. बोरिवलीपासून भांडुपपर्यंत कुठेही सामने असले की माईक त्याच्या हातात. आजही घाटकोपरला त्यासाठीच आला होता. आणि कबड्डीच्या मैदानावरचा एक नियम त्याला त्याच्या गुरूने पहिल्याच दिवशी शिकवला होता. एकदा माईकवरून गुण जाहीर केला की निवेदकाने शब्द मागे घ्यायचा नाही. घेतला की दोन्ही मंडळांची पोरं मैदानात उतरतात आणि मग खुर्च्या उडतात.

"इथे खुर्च्या कोण उडवणार आहे?" मी विचारलं. "लोक घरात सोफ्यावर बसलेत."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एकच खळी पडते, हे मी उगाचच पाहून ठेवलं.

पुढच्या सोमवारी स्कूटर पुन्हा आली, म्हणे हँडल थरथरतं. त्याच्या पुढच्या सोमवारी म्हणे ब्रेक चीं करतो. दोन्हीत काहीच निघालं नाही. बाबा आतूनच म्हणाले, "दर्शना, ह्या स्कूटरला दर सोमवारीच कसा ताप चढतो गं?" मी खाली मान घालून पावती लिहीत राहिले. चौथ्या सोमवारी मात्र मी कमरेवर हात ठेवून उभीच राहिले.

"आज काय?"

"आज..." त्याने हेल्मेट काढलं, पावसाचं पाणी झटकलं. "आज ती अजिबात आवाज करत नाहीये. मला त्याचीच काळजी वाटते."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बाबांनी तिघांसाठी चहा मागवला.

मग दर सोमवारी चहा आणि आदल्या दिवशीच्या रेसची उत्तरपत्रिका तपासणं, असं चालू झालं. मी त्याला सांगायचे की टायर कधी झिजतात, टायर बदलायला गाड्या आतल्या गल्लीत येतात तिथे वेगाची मर्यादा का असते, आणि इंजिनाच्या आवाजावर बोलायचं नाही, तो लोकांना ऐकू द्यायचा. तो लक्ष देऊन ऐकायचा. पण एकदा त्याने माझीच वाट लावली.

"तुला सगळं माहीत आहे ना?" तोवर अहो-जाहो कधी गळून पडलं ते आम्हालाही कळलं नव्हतं. "मग तू सांगून बघ. त्या सिग्नलला दोन रिक्षा उभ्या आहेत. चालू कर."

मी घसा खाकरला. "पहिली रिक्षा... सीएनजीवर आहे. मागचं टायर गुळगुळीत झालंय. दुसरी रिक्षा... नवीन आहे."

"आणि?"

"आणि काय? हिरवा झाला. गेल्या."

"बघ," तो म्हणाला. "माहिती सगळी बरोबर. झोप आली मला." मग त्याने पुढचा सिग्नल स्वतः सांगितला. एक रिक्षावाला कसा तंबाखू मळता मळता डोळ्याच्या कोपऱ्यातून दुसऱ्याकडे बघतोय, दुसऱ्याच्या मागच्या सीटवर बसलेल्या मावशींना मेट्रो गाठायचीय आणि त्या घड्याळापेक्षा मोठ्याने टिकटिक करतायत... सिग्नल सुटला तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते. बाबासुद्धा पाना हातात घेऊन बाहेर आले होते.

"माझ्या आईला गाड्यांतलं काही म्हणजे काही कळत नाही," हर्षद म्हणाला. "पण रेस संपेपर्यंत ती भांडी घासायला उठत नाही. तेवढं तरी मला येतं गो."

ते त्याला येत होतं. त्या दिवशी मला कळलं की नुसतं जाणकार असून भागत नाही, समोरच्याला धरून ठेवावं लागतं. आणि मी स्वतः किती घट्ट धरली गेले आहे, हेही त्याच दिवशी कळलं.

जुलैच्या पहिल्या सोमवारी तो आला तो स्कूटर न घेताच. मेट्रोने आला होता. त्याच्या वाहिनीच्या निर्मात्या माधुरी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं होतं. प्रेक्षकांच्या तक्रारी साठल्या होत्या. माणूस रंगवून सांगतो, पण चुकीचं सांगतो आणि चुकलं तरी तसंच रेटतो. मॅडमनी त्याला तीन रेस दिल्या. त्यात एकही चूक दुरुस्त न होता पडद्यावरून गेली तर माईक दुसऱ्याच्या हातात.

"लहानपणापासून मला एकच गोष्ट येते, दर्शना," तो म्हणाला. "बोलणं. हे गेलं तर परत मी मंडळांच्या मांडवात. ते वाईट आहे असं नाही... पण मला हे हवंय." थोडा थांबून म्हणाला, "माझ्या शेजारी बसशील? स्कोअर बघायला माणूस ठेवायची परवानगी आहे."

अंधेरीच्या त्या स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी निराशाच झाली. मला वाटलेलं हे लोक रेसच्या मैदानावरून बोलतात. प्रत्यक्षात एक छोटी खोली, भिंतींना फोम, दोन खुर्च्या आणि दोन स्क्रीन. एका स्क्रीनवर तुम्हाला घरी दिसतं तेच चित्र. दुसऱ्यावर नुसते आकडे, कोण किती सेकंद मागे, कोणाला कसला दंड. माईक एकच, त्याच्यासमोर. माझं काम आकड्यांचा स्क्रीन बघायचा आणि महत्त्वाचं काही आलं की चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे सरकवायचं. हू की चू करायचं नाही.

पहिली रेस निर्विघ्न पार पडली. दुसरी तर झकास झाली. माझी चिठ्ठी पुढे गेली की तो ती नुसती वाचायचा नाही, तिच्यात जीव घालायचा. "झिजलेले टायर" असे दोन शब्द मी लिहायचे आणि तो त्यातून एका थकलेल्या माणसाची घरी पोचायची धडपड उभी करायचा. मध्येच गप्प बसून इंजिन ऐकू द्यायलाही शिकला होता. चिठ्ठी घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर जास्त थांबायची... आणि मीही चिठ्ठी लगेच सोडायचे नाही.

तिसऱ्या रेसला तिकडे धो धो पाऊस होता. इकडेही होता, पण फोमच्या भिंतींतून तो ऐकू येत नव्हता. शेवटचे सहा लॅप राहिले. पुढे मोरेरा, त्याच्या मागे तीन सेकंदांवर कोस्की. दोघेही त्याच त्या हिरव्या टीमचे. हर्षद असा बोलत होता की मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. ओल्या रस्त्यावर गाडी कशी सरकते, ती सावरताना मनगटं कशी जड होतात, सगळं. डोळे स्क्रीनवर, एक हात हवेत, कपाळावर घाम. त्याच्या चेहऱ्यावर हिरवा-निळा उजेड हलत होता आणि मी...

मी त्याच्याकडे बघत होते.

"मोरेरा जिंकला!" त्याने आवाज चढवला. आणि पुढे जे तो बोलला ते इतकं सुंदर होतं, एकवीस वर्षांच्या त्या पोराबद्दल, त्याच्या पहिल्या विजयाबद्दल, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

मोरेराच्या नावापुढे पाच सेकंदांचा दंड होता. आतल्या गल्लीत वेगमर्यादा मोडल्याबद्दल. दंड चार लॅप आधीच लागला होता आणि तो शेवटी त्याच्या वेळेत मिळवला जाणार होता. कोस्की तीनच सेकंद मागे होता. म्हणजे कोस्की जिंकला होता.

मी लिहिलं, "दंड पाच सेकंद. चार लॅप आधीच. कोस्की जिंकला. चूक माझी." चिठ्ठी सरकवली.

हर्षदने ती वाचली. बोलता बोलता थांबला. त्याच्यापुढे सोपी वाट होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. 'आणि आत्ताच हाती आलेल्या माहितीनुसार दंड झालाय' एवढं म्हटलं की सुटला. घरी बसलेल्या कोणाला काय कळणार होतं? मला त्याची नोकरी वाचायला हवी होती. आणि त्याने ते वाक्य बोलू नये, असंही तितकंच वाटत होतं.

"मंडळी," तो म्हणाला. आवाज एकदम साधा झाला होता, घरी आईशी बोलत असेल तसा. "मी चुकलो. मोरेराला चार लॅप आधीच दंड झाला होता. समोर लिहिलेलं होतं, माझ्याकडून सुटलं. ही रेस कोस्कीने जिंकली आहे. त्याच्या वाटणीचं कौतुक मी भलत्याला दिलं. माफ करा, आता ज्याचं त्याला देतो."

आणि त्याने ते दिलं. तेवढंच भरभरून.

माईक बंद झाला तशा माधुरी मॅडम दार उघडून आत आल्या. चष्मा डोक्यावर चढवलेला, हाताची घडी. "हर्षद, चूक दुरुस्त केलीस. ते मी ऐकलं. पण दंड स्क्रीनवर चार लॅप होता. चिठ्ठी का नाही गेली?"

"गेली होती मॅडम," हर्षद घाईने म्हणाला. "मीच बघितली नाही."

"नाही गेली," मी म्हटलं. "मी स्क्रीनकडे बघतच नव्हते."

"मग कशाकडे बघत होतीस?"

आता खोटं बोलायची मला लाज वाटली असती. "ह्याच्याकडे."

हर्षदने हळूच कानांवरचे हेडफोन काढले, जणू नीट ऐकू आलं नसावं. मॅडमनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं. चष्मा खाली ओढला.

"पुढच्या रेसला दोघांनी यायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोरही माईक ठेवते. बोलायचं असलं की माणूस कामाकडे बघतो." दारातून वळून म्हणाल्या, "आणि बाकीचं बघणं माझ्या स्टुडिओच्या बाहेर."

बाहेर पाऊस थांबत आला होता. आम्ही मेट्रो स्टेशनच्या दिशेने चालत होतो, मध्ये एका छत्रीचं अंतर ठेवून. एवढा बोलका माणूस आणि तोंडातून शब्द नाही.

"काहीतरी बोल ना," मी म्हटलं.

"भीती वाटते," तो म्हणाला. "आज एकदा घाई करून चुकलोय." मग थांबला, माझ्याकडे वळला. "मला तू आवडतेस, दर्शना. खूप आवडतेस. रेस संपली की मला पहिला विचार येतो, उद्या सोमवार."

"मलाही," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा. रेस बघायला बसले होते, मला माहीत होतं. आता चार लॅप झोपा काढल्याबद्दल बोलणी बसणार म्हणून मी फोन जरा लांबच धरला.

"कोण शेजारी आहे?" बाबांनी विचारलं.

"हर्षद आहे."

"त्याला दे."

मी फोन दिला. हर्षद ताठ उभा राहिला, मोकळ्या हाताने शर्ट सारखा करत. "हो काका... हो... हो, कळलं काका." बाबा बराच वेळ काहीतरी बोलत होते. त्याने फोन परत दिला तेव्हा त्याची ती एका बाजूची खळी पार कानापर्यंत गेली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चाळीस वर्षांत एकाही मेकॅनिकने गिऱ्हाइकासमोर 'मी चुकलो' म्हटलेलं ऐकलं नाही. आणि म्हणाले..." तो घुटमळला, छत्री मिटली, ओलीच काखेत धरली. "पुढच्या रविवारी रेस नाहीये. आईला घेऊन जेवायला या."

मी त्याचा हात धरला आणि मेट्रो स्टेशन मागे पडलं तरी आम्ही दोघं तसेच पुढे चालत राहिलो.