येळवस झाली की काढतो

नांदेडला रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, शनिवार-रविवारी एक वर्ग भरतो. आग विझवायची आणि आगीची वर्दी देणारी यंत्रं कशी तपासायची, त्यांची चाचणी कशी घ्यायची, हे तिथं शिकवतात. येणारी पोरं आठवडाभर पोटापाण्याच्या मागे असतात. कुणी वायरमनच्या हाताखाली, कुणी मोबाइलच्या दुकानात. शिकवायला किशनराव. उभी हयात अग्निशमन दलात घालवलेला माणूस. आवाज खाली, आणि तरी मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

त्या रविवारी अंधार पडला तरी वर्ग सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या; घरादारानं शेतात जाऊन शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचा सण. अर्ध्या पोरांचा जीव आपापल्या शेतात जाऊन बसलेला. आपत्कालीन दिव्यांची चाचणी चालू होती, म्हणून मेन स्विच पाडला होता आणि बाहेर जायची वाट दाखवणारा हिरवा दिवा तेवढा दारावर जळत होता. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं आजाऱ्यासारखी दिसत होती.

आनंदराजनं पाठीला पिशवी लावली. छतावरच्या सरावाच्या डिटेक्टरवर त्यानंच बसवलेलं पिवळं झाकण तसंच होतं.

"आनंदराज, झाकण?"

"येळवस झाली की काढतो की, सर. माझी लोह्याची गाडी चुकंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला भज्जीचा वास आलाय, सर. आता थांबत न्हाई तो."

सगळे हसले. किशनराव हसले नाहीत.

"गाडी मिळंल," ते म्हणाले. "बस खाली. दिवा राहू दे तसाच. हेच शब्द माझ्या ओळखीच्या एका पोरानं म्हटले होते. अगदी हेच."

आणि ते सांगू लागले.

वैजनाथ नाव त्याचं. गाव मुरुड. तुमच्यासारखाच शनिवार-रविवार लातूरहून यायचा आणि बाकीचे दिवस लातूरला एका ठेकेदाराकडं यंत्रं बसवायचा. पोरगा हुशार. हात साफ. समोरच्या दाताचा टवका उडालेला, त्यामुळं हसला की लहान पोरासारखा दिसायचा. एक सवय मात्र वाईट. शिडीवर चढला की दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून हातातली वस्तू दातात धरायचा. स्क्रू असो, झाकण असो.

लातूरला शिकवण्यांच्या भागात मुलींचं एक वसतिगृह आहे. मालक रामलिंगअप्पा, भुसार मालाचे व्यापारी. त्यांनी यंत्रं बसवली ती परवानगीसाठी. भिंतीला लाल नळकांडं टांगलं की माणसं वाचली, असं समजणारी जात असते ना, त्यातले ते. वैजनाथला ते म्हणायचे, "अरे, दिसायला पाहिजे फक्त. वाजायला कशाला पाहिजे?"

पण ते वाजायचं. स्वयंपाकघरासमोरच्या बोळात धूर हुंगणारा डिटेक्टर होता. खरं तर तिथं उष्णता ओळखणारा पाहिजे, धुराचा नाही. वैजनाथ हे इथं, याच वर्गात शिकला होता. ठेकेदाराला एकदा बोललाही. ठेकेदार म्हणाला, बघू. विषय संपला.

स्वयंपाकाला कमलम्मा होती. उदगीरच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी. ठेंगणी बाई, हळदीनं बोटं कायमची पिवळी. ती मिरचीची फोडणी द्यायची आणि वर भोंगा सुरू. साऱ्या पोरी जिन्यावरून खाली. अप्पा तणतणत बाहेर. येळवशीच्या आदल्या दिवशी तर कहर झाला. मुलींना शेतावर न्यायला भज्जी पाहिजे, डबे भरायचे, पहाटेपासून फोडणीवर फोडणी. भोंगा थांबेना. अप्पा म्हणाले, "आता पुन्हा वाजलं तर बोचकं उचल आणि चालती हो."

संध्याकाळी वैजनाथ दुसऱ्या कामासाठी तिथं गेला, तर ती त्याच्या आडवीच आली.

"अय्यो मगा, त्याचं तोंड बांध की रे. अप्पा मला काढून टाकतोय."

मगा म्हणजे लेकरा. ती सगळ्यांनाच म्हणायची. वैजनाथला आई नव्हती. ते त्याच्या काळजाला भिडायचं.

"असं बांधता येत न्हाई मावशी. लई कामाचं हाय ते. रात्री धूर झाला तर तुला उठवणारं तेच हाय."

"मला उठवतंय?"

"हाव. तू कितीबी घोरत अस."

ती हसली. "मग असू दे बाई. पण आजच्या दिवस तरी..."

डिटेक्टरबरोबर एक पिवळं झाकण येतं. रंगकाम, तोडफोड चालू असली की आत धूळ जाऊ नये म्हणून बसवायचं. नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्यानं बसवलं त्यानंच काढायचं, आणि काढल्याशिवाय इमारत सोडायची नाही. वैजनाथनं झाकण दातात धरलं, शिडी चढला, आणि बसवलं. खाली उतरला तेव्हा तिनं त्याच्या हातावर गरम उंडा ठेवला.

"काढशील ना रे?"

त्यानं घड्याळ बघितलं. मुरुडची गाडी. शेतात सगळी वाट बघत असणार.

"येळवस झाली की काढतो, मावशी."

दुसऱ्या दिवशी सारं लातूर शेतात. तुम्हाला काय सांगायचं, त्या दिवशी शहरात कुत्रंसुद्धा सापडत नाही. मुली गावाला. अप्पा मळ्यात. कमलम्माला ना शेत ना शिवार. ती कोठीजवळच्या खोलीत एकटीच झोपली. रात्री कोठीतल्या फ्रिजची वायर पेटली. आग मोठी नव्हती. कोठी आणि तिच्या दारापुढचं बोळाचं छत, एवढंच जळालं. पण धूर... धूर बोळात कोंडला.

सकाळी तिला बाहेर आणली. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती.

चौकशी झाली. अप्पांनी सांगितलं, म्हातारीनं गॅस चालू ठेवला असणार. यंत्र वाजलंच असणार, हिलाच जाग आली नाही. चौकशीला आलेल्या साहेबांनी वैजनाथकडं बघितलं. "काय रे, यंत्र चालू होतं ना?"

बोळाचं छत काळं पडलेलं. झाकण वितळून गेलेलं. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं.

वैजनाथ म्हणाला, "हाव. चालू होतं."

एवढंच. कागदावर तसं उतरलं. आणि कमलम्माच्या माथी लागलं, की तिनं वसतिगृह जाळलं आणि स्वतःच्या झोपेनं मेली. तिची मुलगी मंजुश्री उदगीरला असायची, तीही चार घरचा स्वयंपाक करणारी. तिला लोकांनी दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली. आईनं घर पेटवलं, लेकीचा काय भरवसा?

वैजनाथला हे सगळं कानावर यायचं. तो इथं वर्गात पहिल्या बाकावर बसून परीक्षा पास झाला. प्रमाणपत्र घेताना टाळ्या वाजल्या तेव्हा खाली बघत होता. त्यानंतर हसताना त्याला कुणी पाहिलं नाही.

दोन वर्षं गेली. वसतिगृह दुरुस्त झालं, नवी यंत्रं लागली. वैजनाथ त्या गल्लीतूनसुद्धा जात नसे. आणि गेल्या येळवशीला रात्री अकराच्या सुमाराला तो लातूरच्या खोलीवर पडला होता, तर रामलिंगअप्पांचा फोन.

"वैजनाथ, बोळातल्या त्या यंत्रावर रोज कुणीतरी पिवळं झाकण लावतंय. वॉचमन काढतो, सकाळी पुन्हा असतंच. पोरींचा चाळा म्हटलं, तर आज सगळ्या गावाला गेल्या आणि तरी आत्ता पुन्हा लागलंय. वॉचमन पळाला भिऊन. उद्या तपासणी आहे. तू जाऊन काढ."

"सकाळी जातो, अप्पा."

"आत्ता जा. आधीचं यंत्रही तूच बसवलं होतंस ना?"

तो गेला.

फाटक उघडं. आत दिवे चालू, माणूस नाही. दारातलं पॅनेल बघितलं, सगळं ठीक, हिरवा दिवा. बोळात आला. स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप. वर छताला... झाकण.

शिडी लावली. चढला. झाकण काढलं. सवयीनं दातात धरलं, उतरायला लागला.

आणि मध्येच थांबला.

झाकणाच्या कडेला दाताचे व्रण होते. त्याचे दात त्यात बरोबर बसले होते. टवका उडालेल्या दाताची जागासुद्धा.

ते वितळलं होतं. त्यानं स्वतः वितळलेलं बघितलं होतं.

त्यानं ते तोंडातून काढून पिशवीत कोंबलं. चेन लावली. खाली उतरला.

भोंगा वाजला.

धूर नव्हता. काहीच नव्हतं. तो पॅनेलकडं धावला, आवाज बंद करायचं बटण दाबलं. वाजतच होता. बॅटरीची वायर उपटली. मेन पाडला. सगळीकडं अंधार. पॅनेल मेलेलं.

भोंगा वाजत होता.

मोबाइलच्या उजेडात तो परत बोळात आला. शिडी चढून डिटेक्टर फिरवून बुडातून काढला, हातात घेऊन उतरला. आता वाजायला काही उरलंच नव्हतं.

तरी वाजत होता.

आणि मग त्याला ठसका लागला.

मिरचीची फोडणी. कुलूप लावलेल्या दाराच्या आतून. मोहरी तडतडत होती... त्या एवढ्या आवाजातसुद्धा ऐकू येत होती. दाराच्या फटीतून उजेड. पिवळा. त्यात दोन पावलं.

"मगा..."

त्यानं हातातला डिटेक्टर छातीशी धरला.

"मगा, वाजतंय ना रे आता?"

...

"वाजलं होतं म्हणालास तू. सगळ्यांपुढं."

...

"मी जागी होते रे. घसा जळून राहिला होता. म्हटलं, अजून वाजलं न्हाई... म्हणजे काही न्हाई. तू म्हणला होतास, उठवतंय म्हणून."

वैजनाथ खाली बसला. कान झाकून उपयोग नव्हता. तो ओरडला. कितीदा, त्यालाही आठवत नाही.

"मी बसवलं होतं! झाकण मी बसवलं होतं, मावशी! ते वाजलंच न्हाई!"

भोंगा थांबला.

उजेड गेला.

मग दाराच्या आतून, अगदी हळू...

"मला कशाला सांगतोस?"

पहाटेच्या पहिल्या गाडीनं तो उदगीरला गेला. मंजुश्री दारात पाणी मारत होती. हा उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. झाकण, गाडी, येळवस, साहेबांपुढचं ते 'हाव'. एक अक्षर राखलं नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं कुठं होता?"

त्यानं पाठीवरची पिशवी काढून पायाशी ठेवली.

"आईनं मरायच्या आदल्या रात्री फोन केला होता मला. म्हणाली, इथं एक चांगला पोरगा हाय, माझी लई काळजी करतो." तिनं बादली खाली ठेवली. "जा तू. जिथं खोटं बोलला तिथं जाऊन खरं बोल. मला सांगून काय होतंय?"

तो त्याच दिवशी गेला. लेखी दिलं. आता काम सुटलंय त्याचं, प्रकरण चालू आहे. अप्पा त्याला शिव्या घालतात, ठेकेदार ओळख देत नाही. मंजुश्रीला मात्र लोक कामाला बोलवायला लागलेत. वैजनाथ इथं आला होता मागच्या महिन्यात. याच बाकावर बसला होता. मी विचारलं, बरं वाटतंय का आता? तो म्हणाला, न्हाई सर.

किशनराव थांबले. हिरव्या उजेडात आनंदराज उठला, शिडी ओढली, वर चढला. झाकण काढताना त्याचा हात दातांकडं जाता जाता थांबला. त्यानं ते खिशात ठेवलं आणि उतरला.

"सर," खाली येऊन तो हळूच म्हणाला. "आणि ते? त्यानं पिशवीत टाकलेलं?"

किशनराव पुन्हा सांगू लागले.

"मंजुश्रीला दाखवायचं म्हणून त्यानं तिच्या दारातच पिशवी उघडली. चेन लावलेली होती, तशीच. आत झाकण नव्हतं. ती म्हणाली, कसलं झाकण? त्यानं हातानं दाखवलं, एवढं, पिवळं, वाटीसारखं. तशी तिचं तोंड उतरलं. ती आत गेली आणि आईचा मिसळणाचा डबा घेऊन आली. आगीतून आलेला, काळा पडलेला. वसतिगृहातून मिळाला त्या दिवसापासून तिनं तो उघडला नव्हता. त्यातली एक वाटी आई असतानाच हरवलेली होती म्हणे. झाकण गच्च बसलं होतं. दोघांनी मिळून उघडलं."

"मग?"

"आत जिरं, हळद, तिखट, सगळं जळून कोळसा झालेलं. आणि हरवलेल्या वाटीच्या जागी ते पिवळं झाकण उलटं बसवलेलं. कडेला दाताचे व्रण. काठोकाठ मोहरी भरलेली... आणि ती मोहरी, पोरांनो, ताजी होती."