कार्डावर धूळ नव्हती

ही गोष्ट खरी आहे, आणि ती पटवून देण्यासाठी मी कुणाच्या पाया पडणार नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने परंड्याला यावं, एसटी स्टँडवर उतरावं आणि श्रियाचा स्टुडिओ विचारावा. कुणीही दाखवेल.

मी निकिता. भूमला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात बाई बघून "मिस्त्री कुठंय?" विचारणारे अजून येतात. त्यांना मी हातातला स्क्रू ड्रायव्हर दाखवते. सांगायचं कारण एवढंच, की मी घाबरट नाही. देवाला हात जोडते, भुताखेतांना नाही.

निदान त्या मंगळवारपर्यंत तरी नाही.

भूत म्हटलं की लोकांना अमावास्या हवी, रात्र हवी, पिंपळ हवा. इथं तसलं काहीच नव्हतं. गेल्या वर्षीचा मे महिना. भर दुपार. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

श्रिया माझी कॉलेजची मैत्रीण. तिचा नवरा यज्ञेश परंड्यात फोटो स्टुडिओ चालवायचा, लग्नांचे व्हिडिओ करायचा. त्याच्या आदल्या भाद्रपदात तो गेला. अडतीस वर्षांचा माणूस. छातीत कळ आली आणि बार्शीला नेईपर्यंत सगळं संपलं.

तेराव्यानंतर महिनाभरातच श्रियानं स्टुडिओ उघडला आणि त्याच्या खुर्चीत बसली. सासरे नारायणराव, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, त्यांना ते रुचलं नाही. तोंडानं काही बोलले नाहीत. पण उन्हाळा लागला आणि स्टुडिओतला कॉम्प्युटर रोज दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडायला लागला.

रोज.

तेव्हा गुरुजी बोलले. यज्ञेशच्या मशीनला दुसरा हात चालत नाही, म्हणाले.

सोमवारी श्रियाचा फोन आला.

"निके, उद्या ये. दुपारी चारला तुमच्या भूमचेच लोक लग्नाचा व्हिडिओ न्यायला येणारेत. संध्याकाळी रिसेप्शनला पडद्यावर लावायचाय. शूटिंगपासून सगळं मी केलेलं हे पहिलं काम आहे. नाही झालं तर बाबा स्टुडिओला कुलूप लावणार आणि मला तुळजापूरला माहेरी पोचवणार. तसं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"त्यांनी. आणि मी हो म्हणाले."

"अगं येडे, हो कशाला म्हणालीस?"

"कारण काम होणारच आहे."

मंगळवारी साडेबाराला मी स्कूटी घेऊन पोचले. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. दारापाशी स्टुलावर गुरुजी बसलेले. मी आल्यापासून शेवटपर्यंत ते तिथंच बसून होते, हे लक्षात ठेवा.

"तो डबा आडवा ठेवायचा," ते मला म्हणाले. "हिनं उभा केला. म्हणूनच चाललंय हे."

डबा म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो. यज्ञेश तो टेबलावर आडवा झोपवायचा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. व्हिडिओचं काम ओढायला आत एक जड ग्राफिक्स कार्ड असतं, दोन पंख्यांचं. डबा उभा ठेवला की ते कार्ड आत आडवं लटकतं. वजनानं वाकतं, आणि फळीवर बसावी तशी त्याच्यावर धूळ बसते. डबा झोपवला की कार्ड उभं राहतं. मग वाकत नाही आणि धूळही फारशी धरत नाही.

फक्त झोपवलेला डबा अर्धं टेबल खातो. श्रियानं तो उभा केला होता आणि रिकाम्या जागी स्वतःची वही ठेवली होती.

"गुरुजी, तसलं काही नाही हो," मी म्हणाले. "लई धूळ बसली असंल आत. मशीन तापतं आणि बंद पडतं. मे महिन्यात आमच्या दुकानात रोज चार अशीच येतात."

मी डबा खाली घेतला. मागच्या स्क्रूवर माझंच स्टिकर होतं, यज्ञेश असताना श्रावणात मी चिकटवलेलं. जसंच्या तसं. म्हणजे त्यानंतर डबा कुणी उघडला नव्हता.

स्टिकर फाडून मी झाकण काढलं. आत धुळीची गोधडीच होती. प्रोसेसरचा पंखा तर दिसतच नव्हता. आणि धुळीत लाल-पिवळं काहीतरी. बघते तर हळदकुंकू! खंडेनवमीला श्रियानं मशीनची पूजा केली होती, अगदी वरच्या जाळीवर. अक्षतासुद्धा आत पडल्या होत्या.

"पूजा कर बाई, पण जाळीवर नको," मी म्हणाले. "खाली पंखा आहे, देव्हारा नाही."

श्रिया हसली. किती महिन्यांनी हसली असेल कुणास ठाऊक. मलाही बरं वाटलं. धूळ सापडली, दोष सापडला, काम सोपं झालं.

मग मी टॉर्च कार्डावर मारला…

कार्डावर धूळ नव्हती.

कमी होती असं नाही. नव्हतीच.

वर धूळ, खाली धूळ, कुंकू तर जाळीतून थेट तळापर्यंत सांडलेलं. आणि बरोबर मधे ते कार्ड, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं. आठ महिने डबा उभा होता. सगळ्यात जास्त धूळ त्याच्यावरच असायला हवी होती. मी खाली वाकून डोळा लावून बघितलं. केसभरसुद्धा वाकलेलं नव्हतं.

जणू त्या कार्डापुरता डबा अजून आडवाच होता.

मी कुणालाच काही बोलले नाही. श्रियाच्या डोक्यात नसता किडा कशाला घालायचा? आणि खरं सांगू, मला स्वतःलाच ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं.

डबा अंगणात नेला. ब्लोअर मारला, ब्रश फिरवला, प्रोसेसरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. परत आणून टेबलावर उभा केला. नजर ठेवायला झाकण उघडंच ठेवलं. मशीन सुरू झालं, गरम होईना. एक पस्तीसला श्रियानं व्हिडिओ तयार करायला लावला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं काम.

पन्नास टक्के झाले. सत्तर झाले. श्रियाची नजर आकड्यावरून हलत नव्हती.

एक्क्याऐंशी.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं…

खट्.

पडदा काळा.

छताचा पंखा चालू होता. ट्यूब चालू होती. मी भिंतीच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो पेटला. वायर हलवून बघितली, ठीक. शेवटी प्लग उपटून हातात घेतला, म्हटलं आतून नीट तपासावं.

प्लग माझ्या हातात होता.

आणि कार्डाचे पंखे…

फिरायला लागले.

सावकाश. दोन्ही एकाच चालीनं.

वारा असेल म्हणून मी दार लावलं. छताचा पंखा बंद केला. खोलीत इतकं सामसूम झालं की गुरुजींचा श्वास ऐकू येत होता. आणि ती बारीक घरघर.

मी कार्डाला हात लावला. अर्धा तास काम ओढलेलं कार्ड चटका द्यायला हवं होतं. ते माठासारखं गार होतं.

मी हात झटकन मागं घेतला.

गुरुजी स्टुलावरच हात जोडून बसले होते. "बघितलंस? त्याला हे चालत नाही. आडवा कर, निकिता. त्याच्या हातचं होतं तसं कर."

मी निघाले होते करायला. खोटं कशाला बोलू? मी घाबरले होते, आणि माझ्या कामाच्या दृष्टीनंही डबा आडवाच बरा होता. कुणाचं काय बिघडणार होतं?

श्रियानं डब्यावर पंजा ठेवला.

"हात काढ, निके."

"अगं, आडवा केला तर काय होतंय?"

"टेबल संपतं. चार वर्षं मी खुर्चीच्या मागं उभी राहून शिकले. वही ठेवायला जागा नव्हती, कडेवर पोर धरावं तशी धरून लिहायचे. हा उभाच राहणार."

"श्रिया!" गुरुजी ओरडले. "मेलेल्या माणसाशी हट्ट करतेस?"

तिनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती खाली वाकली, फिरणाऱ्या त्या पंख्यांसमोर तोंड नेलं आणि बोलली.

"यज्ञेश."

सासऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. त्यांनीही नसावं. त्यांचे जोडलेले हात सुटले.

"यज्ञेश, तू गेलास. मी नाही गेले. तुझी आठवण येते, रोज येते, जेवताना घास अडकतो. पण हे काम मला येतं. तू कधी बस म्हणाला नाहीस, मी उभ्यानं शिकले. आता बसलेय. तुला राहायचं तर राहा इथं. मी उठणार नाही."

पंखे फिरतच होते.

तिनं माझ्या हातातून प्लग घेतला, सॉकेटमध्ये खुपसला आणि बटण दाबलं.

काहीच नाही.

"मी उठणार नाही म्हटलं ना!" ती किंचाळली आणि परत दाबलं.

कार्डाचे पंखे… थांबले.

एक क्षण सगळंच थांबलं. मला वाटलं, संपलं. कुलूप लागलं. तुळजापूरची एसटी.

मग मशीन भर्रकन सुरू झालं.

काम पहिल्यापासून लावावं लागलं. ती खुर्चीत ताठ बसली, एक हात डब्यावर ठेवून. पाऊण तास तिनं तो हात काढला नाही. मी तिच्या मागं उभी होते आणि मनात जे जे देव आठवले ते सगळे बोलावून झाले. तीन वाजून अठरा मिनिटांनी व्हिडिओ तयार झाला.

चारला नवरदेवाचे मामा गाडी घेऊन आले. श्रिया पेनड्राइव्ह द्यायला बाहेर गेली. मी हत्यारं पिशवीत भरत होते, तेवढ्यात गुरुजी हळूच म्हणाले,

"निकिता, मागच्या बोळीत कॉम्प्युटरच्या लाइनचं वेगळं बटण आहे. रोज दोनला ते मी बंद करत होतो."

मला कळायलाच वेळ लागला.

"पाच मिनिटांनी परत चालू करायचो. खुर्ची रिकामी दिसली की वाटायचं, यज्ञेश कुठं शूटिंगला गेलाय. येईल. ती तिथं बसली की तसं वाटून घेता येत नव्हतं गं."

मला इतका राग आला की वयबिय विसरून बोलणार होते. लेक गेल्याचं दुःख मला कळतं. पण तिचंही कुणी गेलं होतं की! तिला भुताची भीती घालून घराबाहेर काढायचं? मी तोंड उघडलं.

गुरुजींनी हात वर केला.

"पण आज…"

"आज काय?"

"आज मी इथून उठलोच नाही. तू बघतेयस ना, आल्यापासून."

मी बघत होते. घरात चौथं माणूस नव्हतं. आणि टेस्टर पेटला होता, तो मी स्वतः बघितला होता. लाइन बंद नव्हतीच.

मी दाराकडं वळले.

दारात श्रिया उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं ही आता रडेल, नाहीतर म्हाताऱ्याला चार शब्द सुनावेल. तिनं दोन्ही केलं नाही. आत आली, खुर्ची ओढली, बसली, वही उघडली.

"बाबा," ती पडद्याकडं बघत म्हणाली, "तुम्ही बंद करा, नाहीतर यज्ञेशला करू दे. मी परत चालू करीन."

त्या दिवशी स्टुडिओला कुलूप लागलं नाही. अजून लागलेलं नाही.

मी अजून तिचं मशीन साफ करायला जाते. सकाळी जाते आणि जेवायला थांबत नाही, श्रिया कितीही आग्रह करू दे. कारण शोधायला बोळीतली वायर बदलली, पॉवर सप्लाय बदलला. गुरुजींनी तर ते बटणच काढून टाकायला लावलं, स्वतः उभं राहून.

तरी आठवड्यातून एखाद्या दुपारी मशीन खट्‌कन बंद पडतं.

परवा फोनवर मी तिला सरळच विचारलं, "एकटी असतेस गं तिथं. भीती नाही वाटत?"

"वाटते की," ती म्हणाली. "चल, ठेवते. बंद पडलंय, चालू करायचंय."