यात्री दोन

जानेवारीतल्या एका दुपारी मधुकर देवस्थळी एक बारीकशी तक्रार घेऊन अलीगंजच्या घरून निशातगंजमधल्या मोबाईल कंपनीच्या दुकानाकडे निघाले. बारा वाजून गेले तरी धुकं उठलं नव्हतं. तक्रार पत्नीच्या मोबाईलच्या बिलाची होती. विनीताबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. नंबर बंद केला तर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देईल आणि त्यावर भलतंच माणूस ‘हॅलो’ म्हणेल, या एकाच भीतीने मधुकरराव दरमहा बिल भरत. रेल्वेच्या ऑफिसात चौतीस वर्षं त्यांनी जिवंत माणसांच्या अर्जांना मूठमाती दिली होती. एक मेलेला नंबर जिवंत ठेवणं त्यांना जड नव्हतं.

या महिन्यात मात्र बिलात एक नवी ओळ उगवली होती: ‘यात्रा प्रीमियम’. फोन तर कपाटात साड्यांखाली पडलेला, बॅटरी केव्हाच संपलेली.

दुकानात हीटरवर तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. काउंटरवरच्या सदफने कॉम्प्युटरात पाहिलं.

“तीर्थों के वीडियो आते हैं इसमें, अंकल. कस्टमर ने ख़ुद फ़ोन पर हाँ की है. छह तारीख़ को.”

“बेटा, कस्टमर को गुज़रे डेढ़ साल हो गया. कमाल है, आपका नेटवर्क अलीगंज में नहीं आता, वहाँ तक पहुँच गया.”

सदफ हसली नाही. “फिर कोई और चला रहा होगा. तब तो नंबर ही बंद करना पड़ेगा... पहले रिकॉर्डिंग सुन लीजिए.”

नंबर बंद.  मधुकररावांनी हेडफोन कानाला लावला.

आधी यंत्राचा गोड आवाज: “यात्रा में आप अकेले हैं, या दो?” मग बराच वेळ नुसती घरघर. आणि मग...

“थांबा हं, यांना विचारते.”

भाजीवाला असो की विमा एजंट, विनीताबाईंनी जन्मभर प्रत्येकाला हेच सांगितलं होतं.

आता आवाज जरा लांबून आला, स्वयंपाकघराच्या दारातून यावा तसा. “अहो, तुम्हीही येताय ना?”

वर्तमानपत्र सळसळलं. “हो, हो,” कुणीतरी धड न ऐकताच म्हणालं. संसारातल्या प्रत्येक प्रश्नाला पेपरामागून हेच उत्तर देणारा तो आवाज मधुकररावांचा स्वतःचा होता.

“दो,” विनीताबाईंनी यंत्राला सांगितलं.

सहा तारीख. दुपारी खुर्चीत पेंगताना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं खरं. आपण काय म्हणालो होतो?

“पहचानी आवाज़, अंकल? सर्विस बंद कर दूँ?”

“कर दो... जल्दी कर दो.” मग हेडफोनचा माईक ओठांशी ओढून ते पुटपुटले, “अगं... मी नाही येत. ऐकलंच नव्हतं मी...”

“अंकल, ये रिकॉर्डिंग है,” सदफ हलकेच म्हणाली. “और ख़त्म हो चुकी.” तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. हिरवी पट्टी शेवटाला टेकून थांबली होती.

मधुकररावांनी हेडफोन काढला नाही.

“असं काय करता?” कानात विनीताबाई समजुतीने म्हणाल्या. “तुमचे कपडेसुद्धा ठेवून झाले.”

आणि सावकाश, कोपऱ्यावर जराशी अडकत, एका बॅगेची चेन लागली.