कोऱ्या जागेवरून आलेली मेल

मास्तरांनी निवृत्त होताना मला एकच गोष्ट बजावली होती. "कचरा खुशाल टाक, पण टाकण्याआधी बघत जा." सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण ऑफिसची मेल सांभाळायचं हे काम आम्हाला त्यांनीच शिकवलं. मी मान डोलावली आणि विसरून गेले. दिवसाला हजारो स्पॅम मेल येतात. त्या बघत बसायचं तर बाकीचं काम कोण करणार?

आमच्या ऑफिसची मेल अजून मेनफ्रेम नावाच्या जुन्या, अवाढव्य कॉम्प्युटरवरून जाते. आलेली प्रत्येक मेल आत सोडण्याआधी सर्व्हर माझ्या एका छोट्या प्रोग्रॅमला विचारतो: घेऊ की टाकू? त्याला आम्ही एक्झिट म्हणतो. दारावरचा वॉचमन समजा. तो सोडतो, नाहीतर अडवतो. स्वतः मेल पाठवणं त्याला येत नाही. मी तसं लिहिलेलंच नाही.

बाळंतपणाची रजा संपवून रुजू झाले त्याच आठवड्यात, माझ्याच पत्त्यावर ती मेल आली. पाठवणाऱ्याची जागा कोरी. मजकूर एवढाच: "बाळ झोपलं का?"

लंगोटांची जाहिरात असणार. मी 'बाळ' या शब्दावर नियम लावला. दुसऱ्या दिवशी आली: "छकुली झोपली का?" मला मुलगी आहे, पण मुली पुष्कळांना असतात. तोही शब्द अडवला. मग: "खिडकी लावून घ्या, पाळण्यावर वारा येतोय." माझं डोकं फिरलं. एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं तयार.

आमचा पाळणा खिडकीखालीच आहे. घरी फोन लावला तर सासूबाई वैतागल्या. "अगं, पोरीला सांभाळू की तुझे फोन घेऊ?" खिडकी मात्र उघडी निघाली. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, पाळण्यातसुद्धा हजेरी लावायला लावशील तू तिला.

शेवटी कंटाळून मी सरसकट नियम केला. पाठवणारा कोरा असेल तर मेल टाकून द्यायची, मजकूर बघायचाच नाही. सगळं शांत झालं. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायले.

कप खाली ठेवताना स्क्रीनवरचा टाकलेल्या मेलचा आकडा दिसला. तो वाढत होता. मी श्वास घेतला की एक, सोडला की एक.

मास्तर आठवले. मी नियम काढला.

"दुपटं सुटलंय."

"दुपटं तोंडावर आलंय."

"दुपटं तोंडावर आलंय."

मी फोन लावला. "आई, पाळण्यात बघा. आत्ता."

"आत्ताच तर बघून..." म्हणत त्या गेल्या. पावलं ऐकू आली. मग काहीच नाही.

मग रडणं. घोगरं, तुटक, पण तिचंच. सासूबाई फोनवर परत आल्या. "दुपटं तोंडावर होतं गं," म्हणाल्या.

मेल मुळात कुठून निघाली याची नोंद तिच्या माथ्यावर असते. नंतर मी ती उघडून पाहिली. सगळ्यांवर एकच नाव होतं. माझ्या एक्झिटचं.

तो नियम मी परत लावलेला नाही. काल आणखी एक आली. या वेळी माझा पत्ताही नव्हता. दोन्ही जागा कोऱ्या. "वाचणाऱ्याला सांगा, आतल्या खोलीत बघून यायला."

कोण वाचणारा, मला माहीत नाही. म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात आत्ता कोणी झोपलं असेल, तर हे बाजूला ठेवा.

आधी बघून या.