न जुळणाऱ्या दोन प्रती

रविवारी सकाळी दादानं घरच्या मीडिया सर्व्हरचं, म्हणजे घरातले सगळे व्हिडिओ साठवून दाखवणाऱ्या खोक्याचं, काम हाती घेतलं, तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती. असलीच तर थोडी लाज होती. एका मोठ्या कचेरीतले सगळे संगणक सांभाळणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि घरचं एवढंसं काम दोन वर्षं राहून गेलं होतं. घरचं बरंच काही तसंच राहून गेलं होतं, म्हणा.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आई. ती त्याच्या धाकट्या बहिणीकडे अंथरुणाला खिळून होती, तीन तासांच्या अंतरावर. दादा फोनवर “पुढच्या रविवारी नक्की” म्हणायचा आणि रविवारी कचेरीत काहीतरी डागडुजी निघायची. दोन वर्षांत तो एकदाही गेला नाही. गेला तो आई गेल्यावरच.

बहिणीनं त्या काळात आईचे दोनशेच्या वर व्हिडिओ काढून ठेवले होते. महिन्यापूर्वी तिनं ती डिस्क त्याच्या हातावर ठेवली.

“माझ्याकडे दुसरी प्रत नाही,” ती म्हणाली. “एवढं तरी नीट सांभाळ.”

त्यातलं ‘एवढं तरी’ त्याला अजून टोचत होतं.

बायकोनं दारातून डोकावून विचारलं, “या खोक्यात नक्की काय चाललंय?”

“एकाच यंत्रात दोन आभासी यंत्रं बसवतोय. एक फायली सांभाळेल, दुसरं त्या दाखवेल. एक बिघडलं तरी दुसऱ्याला धक्का नाही.”

“म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं. एकमेकांच्या सुखदुःखाशी संबंध नाही,” ती म्हणाली. “तुला छान जमेल ते.” आणि ती निघून गेली. हल्ली ती भांडत नसे, असं काहीतरी बोलून निघून जात असे.

साठवणीसाठी त्यानं आरशाची पद्धत निवडली. जोडीला दोन डिस्क, एकीवर लिहिलं ते दुसरीवर आपोआप. नवी डिस्क मात्र त्यानं एकच आणली होती. बहिणीचे व्हिडिओ तिच्यावर उतरवले, मुलीचे आठ वर्षांचे व्हिडिओही टाकले, मग बहिणीची डिस्क पुसून कोरी केली आणि जोडीला लावली. कचेरीत कोणी मूळ डिस्क अशी पुसली असती, तर दादानं त्याची खरडपट्टी काढली असती. पण हे घरचं काम, चालायचंच.

दुपारी पडताळणी केली. निकाल आला: दोन्ही प्रती जुळत नाहीत.

हे होणं शक्य नव्हतं. पुसलेल्या डिस्कवर जे होतं ते नवीवरूनच आलेलं. त्यानं जोडी सोडवली आणि एकच व्हिडिओ दोन्ही डिस्कांवरून वेगवेगळा उघडला.

नव्या डिस्कवर आई उशीला टेकून बसली होती. पलंगाशेजारी रिकामं स्टूल.

“दादा आला नाही का गं?”

“येईल… रविवारी,” कॅमेऱ्यामागून बहीण म्हणाली. आईनं मान भिंतीकडे वळवली.

बहिणीच्या डिस्कवर तीच दुपार होती, तीच चादर, खिडकीच्या पडद्यातून येणारं तेच उन्ह. पण स्टूलवर एक माणूस बसून आईचे पाय चेपत होता. आई त्याच्याकडे बघून हसत होती. “पुरे रे… दमला असशील.” माणसानं मान वर केली. तो दादा होता.

खोलीत बामाचा वास येऊ लागला. त्याच्या घरात बाम नव्हता. त्यानं खोक्यावर हात ठेवला. ते अंग तापल्यासारखं गरम होतं, आणि वास तिथूनच येत होता.

त्यानं बहिणीला फोन लावला.

“आईच्या शेजारी… व्हिडिओत… कोण बसलंय?”

“कोण म्हणजे? तू.” ती म्हणाली. “रोज तर यायचास. एक भांडं उचललं नाहीस, एक रात्र जागला नाहीस. आयता येऊन बसायचास, आणि आई फक्त तुझंच नाव घ्यायची. विसरलास होय? बरं आहे बाबा तुझं.”

फोन बंद झाला.

दादानं दोन्ही डिस्क पुन्हा जोडायला घेतल्या. पडद्यावर यंत्राचा प्रश्न उभा राहिला: कोणती प्रत खरी मानायची? खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बहिणीला तो आठवत होता. आई हसत गेली होती. खोटी पडत होती ती फक्त त्याची एकट्याची आठवण, आणि तिचं ओझं त्याला आता नको झालं होतं.

त्यानं बहिणीची डिस्क खरी मानली. नव्या डिस्कवरचं रिकामं स्टूल टक्क्याटक्क्यानं पुसलं जाऊ लागलं. डिस्क कुरकुरत राहिल्या, पंखा धापा टाकत राहिला. उन्ह उतरेपर्यंत काम संपलं. प्रती जुळल्या.

त्यानं व्हिडिओ लावला. आई हसली आणि तो पोटभर रडला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

व्हिडिओ संपला तसा यंत्रानं आपणहून पुढचा लावला. मुलगी सायकल शिकत होती. तो दिवस त्याला चांगला आठवत होता. सीट धरून तो मैदानभर धावला होता.

“सोडू नकोस हं, बाबा!” मागे वळून मुलगी ओरडत होती. तिच्या मागे कोणी नव्हतं. सायकल नुसतीच सरळ चालली होती.

पुढचा वाढदिवसाचा. बायको डावीकडे सरकून उभी होती, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. तिचा हात हवेत, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. पुढच्यात तेच… त्याच्या पुढच्यातही तेच. आईच्या स्टूलवर बसलेला माणूस इथूनच उठून गेला होता.

“अय्या… तुम्ही?”

मुलगी दारात उभी होती. सकाळी ती त्याच्या पाठीवर लोंबकळून गेली होती. आता ती उंबऱ्याच्या आत येत नव्हती.

“कधी आलात?”

“आलो म्हणजे? मी सकाळपासून इथेच आहे… राणी, इकडे ये.”

ती एक पाऊल मागे सरली. “आई… बाबा आलेत.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मग बायकोचा आवाज आला. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं.

“किती वेळ थांबणार आहेत, विचार.”

हे माझं घर आहे, असं ओरडण्यासाठी दादानं तोंड उघडलं.

“तासभर,” त्याच्याच तोंडून आलं.